बोलतं करण्याची घाई नको

कृष्णेला पूर आला, पाटणकडं दरड कोसळली किंवा वसतिगृहात एखाद्या मुलानं जीव दिला, की महाविद्यालयात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘सगळ्या मुलांना हॉलमध्ये बसवा, काय घडलं ते सांगायला लावा, एकदा रडली की मोकळी होतील.’ म्हणणाऱ्याला मुलांची काळजी असते, पण हा उपाय चुकीचा आहे. तो कामाचा नाही हे कळून दोन दशकं उलटली, तरी दर दुर्घटनेनंतर तेच ऐकावं लागतं.

ही पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये अग्निशमन आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी मांडली. पुढे ती सरसकट सगळ्यांवर वापरली गेली. १९९७ साली भाजलेल्या रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडून अपघात सविस्तर वदवून घेतला होता, त्यांच्यापैकी २६ टक्क्यांना तेरा महिन्यांनी आघातोत्तर ताणविकार होता. ज्यांना विचारलंच नव्हतं, त्यांच्यात ९ टक्क्यांना. पहिल्या गटातले रुग्ण मुळातच थोडे जास्त भाजलेले होते, तेव्हा या एका आकड्यावर विसंबू नये. पण कॉक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात अनेक प्रयोग एकत्र पाहिले, तरी अशा एका बैठकीनं विकार टळल्याचं दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटना तर ही पद्धत वापरूच नका म्हणते.

मग आपत्तीनंतरच्या आधार पथकानं करायचं काय? मानसिक प्रथमोपचार. संघटनेच्या २०११ च्या पुस्तिकेत त्याची तीन कामं आहेत: पाहणं, ऐकणं, मदतीशी जोडून देणं. ऑगस्ट २०१९ आठवा. सांगली पाण्यात होती, ८ तारखेला ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटून माणसं बुडाली. अशा गावातल्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा घरच्यांचा ठावठिकाणा हवा असतो. मग कोरडे कपडे, जेवण, निजायला जागा, फोनला चार्जिंग. पुढे भिजलेल्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत, बुडालेला पेपर, थकलेली फी. हे काम कार्यालयाचं, पथकाचं नव्हे, असं समजणाऱ्यांना आघात कळलेलाच नाही. मुलगा बोलला तर मध्ये न तोडता ऐकायचं. नाही बोलला तर शेजारी बसायचं आणि उद्या पुन्हा यायचं.

याचा अर्थ विषय टाळायचा, असाही नाही. ‘आत्महत्येबद्दल विचारलं तर डोक्यात नसलेलं भरेल’ ही भीती निराधार आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांवरच्या २००५ च्या अभ्यासात विचारल्यानं त्रास वाढलेला आढळला नाही. शंका आली तर एकांतात, स्पष्ट शब्दांत विचारावं.

‘पथक फक्त पीडितांसाठी’ हेही खोटं. जुलै २०२१ मध्ये पाटणकडच्या आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या. अशा ठिकाणी राबून आलेल्या स्वयंसेवकांची आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांचीही विचारपूस करायला हवी.

‘झोप उडाली, म्हणजे आजार जडला’, असंही नाही. पहिले काही आठवडे दचकणं, चिडणं स्वाभाविक असतं आणि बहुतेक जण सावरतात. महिना उलटूनही तेच राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडं न्यावं.

‘जीव देण्याचा प्रयत्न केला तर पोलीस केस होते’, या धास्तीनं अजून प्रकरणं दडपली जातात. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं कलम ३०९ नव्या न्याय संहितेत राहिलेलं नाही; ती १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधीच, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरून सरकारवर तिच्या उपचारांची जबाबदारी टाकली.

आणि ‘एवढं करायला माणूस कुठून आणायचा?’ सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवं. तो मिळेपर्यंत रात्री-अपरात्री टेलीमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथं मराठीतून बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर तो आजच लावता येईल.