गावापुरती वीज आणि तिचा हिशेब

मणिपूरच्या सेनापती जिल्ह्यातील लेइसांग हे गाव २८ एप्रिल २०१८ रोजी विजेच्या जाळ्याला जोडले गेले आणि देशातील सर्व वस्तीच्या गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. गावातील दहा टक्के घरे आणि शाळा, पंचायत कार्यालय यांसारख्या सार्वजनिक जागा जोडल्या की गाव ‘विद्युतीकृत’, अशी त्यामागची व्याख्या. ‘सौभाग्य’ योजनेने हे मोजमाप प्रत्येक घराच्या उंबरठ्यापर्यंत आणले, ही प्रगतीच. तरीही मोजली गेली ती जोडणी. जोडणीनंतर दिवा किती तास जळतो, किती उजेड देतो, याची नोंद वेगळ्याच वहीत असते. आणि ग्रामीण मिनी-ग्रिडच्या बाबतीत तर अशी वही ठेवण्याचे बंधनही बहुतेकदा कोणावर नसते.

मिनी-ग्रिड म्हणजे गावापुरती स्वतंत्र वीजव्यवस्था: सौर पॅनेल, बॅटऱ्यांची खोली, इन्व्हर्टर आणि तेथून खांबांवरून निघालेल्या तारा. वीज कायदा, २००३ च्या कलम १४ मधील एका परंतुकाने राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज निर्माण करून वितरित करण्यासाठी परवान्याची अट काढून टाकली. हेतू चांगला होता. जेथे मोठी वितरण कंपनी जात नाही, तेथे लहान उद्योजकाला दहा कार्यालयांचे उंबरठे झिजवायला लावू नयेत. परंतु त्याच कायद्यात सेवेची मानके आणि ती न पाळल्यास भरपाई सांगणारे कलम ५७ ‘परवानाधारका’ला उद्देशून आहे. ग्राहक तक्रार निवारण मंचाची तरतूदही तशीच. २०२० अखेरच्या ग्राहक हक्क नियमांचा रोखही वितरण परवानाधारकाकडेच आहे. परवाना गेला, तसा परवान्याला चिकटलेला ग्राहकाचा हक्कही निसटला. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वात मोठी उणीव हीच आहे, आणि तिची चर्चा सर्वात कमी होते.

बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावाची कथा अनेकदा सांगितली जाते. २०१४ मध्ये ‘ग्रीनपीस’च्या पुढाकाराने तेथे १०० किलोवॉटचा सौर मायक्रो-ग्रिड उभा राहिला. गावकऱ्यांनी मात्र माजी मुख्यमंत्र्यांपुढे ‘असली बिजली’ची मागणी केली. लवकरच सरकारी तारा आल्या आणि काही वर्षांत बॅटऱ्या थकून सौर प्रकल्प बंद पडला. यातून ‘लोकांना सौरऊर्जा नको’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ. मला त्या मागणीत दुसरेच काही ऐकू येते. टीव्ही, पंखा, फ्रिज यांपैकी काय चालेल, किती वेळ चालेल आणि न चालल्यास जाब कोणाला विचारायचा, ही विचारणा त्या दोन शब्दांत होती.

मुळात बॅटरी हे मिनी-ग्रिडचे सर्वात दुबळे अंग. शिसे-आम्ल बॅटरी एका रात्रीत मरत नाही. उष्ण खोलीत, रोज खोलवर रिकामी होत, वेळेवर शुद्ध पाणी न मिळता ती हळूहळू क्षीण होते. पहिल्या वर्षी दहापर्यंत जळणारा दिवा पुढे साडेनऊला जातो, मग नऊला. गावाला वाटते ढगाळ हवामान असेल. वास्तविक सूर्यास्ताच्या वेळी आणि पुरवठा तुटण्याच्या क्षणी बॅटरीचा व्होल्टेज किती होता, एवढ्या दोन नोंदी रोज ठेवल्या तरी येणारे संकट काही महिने आधी दिसते. आजच्या इन्व्हर्टरमध्ये ही नोंद आपोआप होते. ती जाते मात्र कंपनीच्या सर्व्हरवर. ज्याच्या घरात अंधार होतो त्याला ती दिसत नाही, आणि अनुदान देणाऱ्या खात्याने ती मागितलेली नसते.

शिवाय संचाच्या खोलीतील आकडा पूर्ण सत्य सांगत नाही. पूर्व उत्तर प्रदेशातील एका गावात ऑपरेटरने मला मोबाइलच्या पडद्यावर हिरवी रेघ दाखवली: पुरवठा अखंड. त्याच संध्याकाळी शेवटच्या खांबाजवळच्या किराणा दुकानात पंखा जेमतेम फिरत होता. दुकानदार म्हणाला, पिठाची गिरणी सुरू असली की असेच होते. दोघेही खरेच सांगत होते. लांब आणि बारीक तारेत व्होल्टेज गळतो, आणि मोजणारे यंत्र तारेच्या दुसऱ्या टोकाला बसवलेले असते.

काय मोजावे, याबाबत संभ्रम उरलेला नाही. जागतिक बँकेच्या ‘एसमॅप’ कार्यक्रमाने २०१५ मध्ये मांडलेल्या चौकटीत वीज ‘आहे की नाही’ या प्रश्नाऐवजी पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीसाठी दिवसाला किमान आठ तास वीज, त्यातले तीन संध्याकाळचे. संध्याकाळ वेगळी मोजण्यात शहाणपण आहे, कारण दुपारी उतू जाणारी सौरवीज मुलांच्या अभ्यासाला उपयोगी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने २०१६ मध्ये खास मिनी-ग्रिडसाठी गुणवत्ता-चौकट दिली. तिच्यात तांत्रिक दर्जाइतकेच महत्त्व ग्राहकाला काय कबूल केले आणि ते पाळले का, याला आहे. त्याच वर्षी आपल्या केंद्रीय मंत्रालयाने मिनी-ग्रिड धोरणाचा मसुदा काढला होता: दहा हजार प्रकल्प, ५०० मेगावॉट. तो मसुदाच राहिला.

छत्तीसगडच्या ‘क्रेडा’ने दुर्गम गावांत देखभालीची उतरंड बसवली: गावात पॅनेल पुसणारा, बॅटरीत पाणी घालणारा ऑपरेटर, काही गावांमागे एक तंत्रज्ञ आणि वर संस्थेची देखरेख. ही रचना मला अनुकरणीय वाटते. मात्र तेथेही उभारणारा आणि तपासणारा एकच.

उद्योजक म्हणतात, नाराज ग्राहक पैसे थांबवेल, तोच आमचा नियामक. जेथे पुरवठादार एकच आहे तेथे हा युक्तिवाद लंगडा पडतो. शंभर घरांच्या ऑपरेटरवर मोठ्या वितरण कंपनीसारखी अहवालांची चळत लादू नये, हे मात्र मान्य. तारेच्या शेवटच्या टोकाला एक लहान नोंदयंत्र, पंचायतीच्या भिंतीवर महिन्याचे एक पान आणि अनुदानाचा काही हिस्सा त्या पानावर अवलंबून, एवढे पुरे. आकारणीची पद्धतही महत्त्वाची. पुणे जिल्ह्यातील दरेवाडीत २०१२ मध्ये ३९ घरांसाठी उभ्या राहिलेल्या ९.४ किलोवॉटच्या प्रकल्पात मीटर बसवले गेले. वीज गेली तर चालवणाऱ्याचेही उत्पन्न जाते. ठरावीक मासिक शुल्कात तसे होत नाही.

उत्तर प्रदेशच्या २०१६ च्या धोरणात अनुदानित प्रकल्पांसाठी ५० वॉटच्या भारास महिना ६० रुपये आणि दिवसाला आठ तास पुरवठा ठरवला आहे. म्हणजे तासाला २५ पैसे. रोज दोन तास वीज कमी मिळाली, तर एका घराची आपोआप भरपाई महिन्याला १५ रुपये होईल, आणि अशा शंभर घरांच्या ऑपरेटरच्या सहा हजारांच्या वसुलीतून दीड हजार वजा होतील. बॅटऱ्या तपासायला तंत्रज्ञ बोलावणे त्याला त्यापेक्षा स्वस्त पडेल.