वजन, पाळी आणि वय

‘आधी दहा किलो कमी करून या, मग ट्रीटमेंटचं बघू.’ दिवस राहत नाहीत म्हणून दवाखान्याची पायरी चढलेल्या स्थूल बाईला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. त्याआधी ते सासूने, नणंदेने, शेजारणीने ऐकवून झालेलं असतं. वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. वजन कशाने उतरवायचं, किती महिन्यांत, आणि तेवढ्यात वय पुढे सरकलं तर काय, हे त्यात येत नाही.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी हा सल्ला रीतसर तपासून पाहिला. वंध्यत्वावर उपचार घ्यायला आलेल्या ५७७ स्थूल स्त्रियांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाने आधी सहा महिने आहार-व्यायाम करायचा आणि मग उपचार घ्यायचे. दुसऱ्या गटाचे उपचार लगेच सुरू. निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं, एकच, निरोगी बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचं प्रमाण लगेच उपचार मिळालेल्या गटात ३५ टक्के होतं, तर आधी वजन उतरवणाऱ्या गटात २७ टक्के. म्हणजे थांबण्याने फायदा तर झाला नाहीच, उलट आकडा घसरला. मात्र थांबलेल्या गटात उपचारांशिवाय, आपोआप दिवस राहिलेल्या स्त्रिया बऱ्याच जास्त होत्या: २६ टक्के विरुद्ध १६ टक्के. त्यांचं वजन सरासरी जेमतेम साडेचार किलो उतरलं होतं.

हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचायला हवेत. ज्यांची पाळी अनियमित आहे, ज्यांच्यात स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही, त्यांना वजन उतरवण्याचा लाभ ठळकपणे होतो. ज्यांची पाळी नियमित आहे, बीजवाहक नळ्या बंद आहेत किंवा वय पस्तिशीच्या पुढे गेलं आहे, त्यांच्यासाठी सहा महिने ही फार महागडी गोष्ट आहे.

चरबी म्हणजे शरीराने बाजूला टाकलेला साठा नव्हे. तिच्यात हार्मोन्स तयार होतात, एकाचं रूपांतर दुसऱ्यात होतं. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लेप्टिनचा शोध लावला. शरीरात पुरेशी शिदोरी आहे की नाही हे मेंदूला कळवणारं हे हार्मोन चरबीतूनच येतं. पोटाभोवती चरबी वाढली की इन्शुलिनला शरीर दाद देईनासं होतं, मग रक्तात इन्शुलिन वाढतं आणि बीजांडकोष पुरुषी हार्मोन्स जास्त बनवू लागतात. बीजं अर्धवट वाढून थांबतात, पाळी दोन-दोन महिने लांबते. घरोघरी ज्याला ‘पीसीओडी’ म्हणतात, त्यात हे चक्र ठळक दिसतं. तिथे ८० किलोच्या बाईचे चार ते आठ किलो उतरले तरी अनेकदा पाळी रुळावर येते. त्यासाठी सडपातळ व्हावं लागत नाही.

उलट टोकही विसरू नये. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, असंख्य स्त्रियांची पाळी बंद पडली आणि नऊ महिन्यांनंतरचे जन्म झपाट्याने घटले. आपल्या देशात ही दोन्ही टोकं शेजारी-शेजारी नांदतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के जादा वजनाच्या होत्या आणि सुमारे १९ टक्के गरजेपेक्षा कृश.

शिवाय काटा आपल्याला फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, तंतोतंत सारखा: २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणून ‘तू तर बारीक आहेस, तुला कसला पीसीओडी’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नये. कंबरेचा घेर आणि रक्तातली साखर पाहायलाच हवी.

आता वजन उतरवणारी इंजेक्शनं आली आहेत. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड ‘मौंजारो’ नावाने भारतात आलं, जूनमध्ये सेमाग्लुटाइडचं ‘वेगोव्ही’. भूक मंदावते, वजन भराभर उतरतं, आणि वर्षानुवर्षं बंद असलेलं बीज सुटणं पुन्हा सुरू होऊ शकतं. ‘मला कुठे दिवस राहणार’ म्हणून निर्धास्त असलेल्या बाईला ते कळतही नाही. त्यातून टिर्झेपेटाइडमुळे जठर सावकाश रिकामं होतं आणि गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जात नाही. त्यामुळे औषध सुरू केल्यावर आणि प्रत्येक डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोधसारखं दुसरं साधन वापरायला सांगतात. गर्भावर या औषधांचा काय परिणाम होतो याची मानवी माहिती अजून तोकडी आहे. म्हणून सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवायचं असतं. औषध चालू असतानाच दिवस राहिले तर घाबरून जाऊ नये. औषध बंद करून लगेच डॉक्टरांना गाठावं. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झाली असेल तर सहसा वर्ष ते दीड वर्ष थांबायला सांगतात, आणि लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ यांची तपासणी चुकवून चालत नाही.

या सगळ्यात नवऱ्याच्या पोटाकडे कुणी पाहत नाही, हा अन्याय आहे. पुरुषाच्या चरबीतही टेस्टोस्टेरॉनचं स्त्री-हार्मोनमध्ये रूपांतर होतं. डेन्मार्कमध्ये ५६ स्थूल पुरुषांचं वजन आठ आठवड्यांत सरासरी साडेसोळा किलोंनी उतरवलं, तेव्हा शुक्राणूंची घनता सुमारे दीडपट झाली. जिममध्ये मिळणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी मात्र शुक्राणू तयार होणंच थंडावतं.

तेव्हा ‘वजन कमी करा’ असं डॉक्टरांनी सांगितलं, की तिथेच विचारा: किती किलो, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तोवर नाही उतरलं तर पुढचा उपचार कोणता? बीजांचा साठा दाखवणारी एएमएच तपासणी आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत मागून घ्या.