एका लग्नाचे दोन कॅमेरे

पहाटे ५.१५

लग्नसराईत उठल्या उठल्या आधी सेल बघायचे, तोंड नंतर धुवायचं. रात्री लाइट गेली होती. किती वेळ, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. माझ्याकडे कॅननच्या दोन मिररलेस बॉड्या आहेत, आणि दोन्ही कंपनीच्या लेखी नवशिक्यांसाठीच्या. जुनी एम५०, फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर झालेली. नवी आर५०, फेब्रुवारी २०२३ ची. नावातला आकडा सारखा असला तरी एकीचा सेल दुसरीला चालत नाही. एम५० चा सेल कंपनीच्याच हिशोबाने २३५ फोटो देतो, म्हणजे हळद उरकेपर्यंतच. तो काढून चार्जरला लावावा लागतो आणि लाइट नसली की चार्जर भिंतीला नुसताच लटकतो. आर५० टाइप-सीच्या वायरीने बॉडीतच चार्ज होते. पॉवर बँक दमदार असली की गाडीत बसल्या बसल्या काम होतं.

कॅमेरा घ्यायचा म्हणून सल्ला विचारायला येणारी पोरं आधी मेगापिक्सेल विचारतात. ते दोन्हीकडे चोवीसच आहेत. आमच्या डोंगरकडा गावात राहून धंदा करणाऱ्याने पहिला फरक त्या वायरीत बघावा.

६.३०

लग्नाच्या आधी एक छोटं काम. अर्धापूरपासून आमच्या गावापर्यंतचा पट्टा केळीचा. एका मळ्यात घड तयार आहेत आणि मालकाला ते लांबच्या व्यापाऱ्याला दाखवायचेत. मोबाइलवर काढलेल्या फोटोत सगळं हिरवंगार दिसतं, फण्या सुट्या दिसत नाहीत, म्हणून मला बोलावलं.

पानांखाली सकाळचा उजेड कमीच. पण घड जागचा हलत नाही, त्यामुळे घाई नसते. अशा कामाला मी एम५० घेतो, २२ एमएम एफ/२ लावून. ही लेन्स २०१२ ची, एम मालिकेच्या पहिल्या कॅमेऱ्याबरोबर आलेली. शर्टाच्या खिशात मावते आणि किट लेन्सपेक्षा दुपटीहून जास्त उजेड आत घेते. घडाच्या खालून वर बघत फोटो काढला, तर फणीफणीतली फट आणि सालीवरचे बारीक ठिपकेसुद्धा येतात. व्यापाऱ्याला तेच बघायचं असतं.

सोबत भाचा असतो. नवी बॉडी त्याच्या गळ्यात.

“मामा, ही लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावून द्या की.”

लागत नाही. जुन्या मालिकेच्या लेन्सला सेन्सरपासून १८ मिलिमीटरवर बसायची सवय, नव्या माउंटचं अंतर २० मिलिमीटर. ती बसवायची तर दोन मिलिमीटर बॉडीच्या आत ढकलावी लागेल. मध्ये रिंग घालून अंतर वाढवता येतं, कमी करता येत नाही. म्हणून याला अ‍ॅडॉप्टर निघाला नाही आणि निघणारही नाही. एम५० बाजारात आली त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, कॅननने आरएफ माउंट आणलं. एम मालिकेसाठी कंपनीने सगळ्या मिळून आठच लेन्स काढल्या आणि २०२३ पर्यंत ती मालिका गुंडाळली. आम्ही घेतली तेव्हा दुकानदार ‘पुढे लेन्स येत राहतील’ म्हणाला होता. दुकानदार तसंच म्हणतात.

८.४५

दुकान. पासपोर्ट फोटो, ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागे पांढरा पडदा. एम५० इथे ट्रायपॉडवरच असते, तिला जुनी ईएफ ५० एमएम एफ/१.८ अ‍ॅडॉप्टरने लावलेली. हीच लेन्स दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरने आर५० लाही लागते. दोन बॉड्यांत सामाईक म्हणावी अशी एवढी एकच काच. एका म्हातारबाबाला तीनदा “डोळे उघडा” म्हणावं लागलं. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

११.००

मांडव. पत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटं छापलंय, म्हणजे दीडच्या आत काही होत नाही. ऊन चाळिशीच्या वर. नवरदेव मारुतीच्या पारावर, पुढे बँड, बँडपुढे पोरं नाचतायत.

इथे पिढीचा फरक उघड दिसतो. एम५० सुद्धा माणसाचा डोळा ओळखते, पण फोकस एकदा धरून थांबवायच्या पद्धतीतच. उभ्या माणसाला ते पुरतं. नवरदेव घोडीवरून पुढे येतोय, मान हलतेय, मुंडावळ्या डोळ्यांवर झुलतायत, अशा वेळी जुनीने धरलेला फोकस बटण पूर्ण दाबेपर्यंत मागे राहून जातो. बाशिंगाचा मणी धारदार आणि डोळा मऊ. मग आपण अंदाजाने जागा ठरवायची, तिथे तो पोचला की दाबायचं. पंधरा वर्षांपूर्वी सगळे असंच काम करत आणि अल्बम होतच होते.

आर५० मध्ये भाच्याला एवढं काही करावं लागत नाही. चौकट नवरदेवाच्या डोळ्यावर चिकटते. मध्ये कुणाचा हात आला, फेट्याचा शेमला आला, तरी पुन्हा त्याच डोळ्यावर परत येते. सेकंदाला बारा फोटो. प्राण्यांमध्ये तिला कुत्रा, मांजर आणि पक्षीही ओळखायला शिकवलंय. आवाज न करता पंधरा फोटो काढायचीही सोय आहे, पण मांडवातल्या एलईडीखाली त्यात आडवे पट्टे उमटतात. ते बटण मी त्याला बंदच ठेवायला लावलंय.

११.५०

मांडवाचं कापड गुलाबी-पिवळं. दोन्ही कॅमेऱ्यांत नवरीच्या मावशा तापाने फणफणल्यासारख्या दिसतात. पिढी बदलली म्हणून कापडाचा रंग जात नाही. उपाय जुनाच: आहेरातली एखादी पांढरी टोपी मागून घ्यायची, मांडवाच्या मधोमध धरून तिचा फोटो काढायचा आणि दोन्ही बॉड्यांना सांगायचं की हे पांढरं. ज्या मामाची टोपी घेतली ते विचारतात, “नुसता टोपीचाच फोटो?” त्यांचाही एक काढून द्यावा लागतो.

१.२०

लग्न लागायची वेळ. कुणी काय करायचं हे आमचं फ्लॅशने ठरवलंय.

माझा जुना फ्लॅश आर५० वर चढतो, पेटत नाही. तिच्या डोक्यावरच्या खाचेत जुन्या फ्लॅशला लागणारे मधले पिनच नाहीत. नव्या पद्धतीचे बारीक संपर्क आहेत पुढच्या कडेला. एडी-ई१ नावाचा वेगळा तुकडा घेतला तर जुना फ्लॅश चालतो. नव्या स्वस्त कॅमेऱ्याचा खरा भाव असा नंतर, तुकड्यातुकड्याने कळतो. तो तुकडा अजून घेतलेला नाही, म्हणून फ्लॅशची सगळी कामं जुनीकडे: स्टेज, हार, आहेर, घरच्यांचे ग्रुप. व्हिडिओ नवीकडे.

आणि व्हिडिओ नवीकडेच असावा. एम५० वर फोर-के लावलं की चित्र आणखी कापलं जातं. १५ एमएमची किट लेन्स फोटोत ३५ एमएमच्या हिशोबाने २४ असते, ती फोर-केमध्ये ३८ च्या आसपास जाते. स्टेजसमोर मागे सरकायला जागा कुठे असते? मागे कूलर, कूलरमागे पाहुणे. वर फोर-केमध्ये तिचा चांगला फोकसही बंद पडतो आणि चित्र आत-बाहेर श्वास घेत राहतं. सलग तीस मिनिटं व्हायच्या आत रेकॉर्डिंगही आपोआप थांबतं. आर५० फोर-केला सेन्सरची पूर्ण रुंदी वापरते, एका दमात तासभर चालते. उन्हात मात्र तापते. भाचा उपरणं भिजवून डोक्यावर घेतो आणि कॅमेऱ्यावर छत्री धरायला एक पोरगा उभा करतो.

अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या, अक्षता उडायला लागल्या. लेन्स आणि नवरीच्या चेहऱ्यामध्ये तांदळाचा पाऊस. आर५० चेहऱ्यावरून हलली नाही. एम५० मधूनमधून तांदूळच धरते, म्हणून मी आधीच नवरीवर फोकस करून तो तिथेच बंद करून ठेवला आणि फ्लॅशवर भरवसा टाकला. शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट खाली आला, तेव्हा एकच फ्रेम मिळते. फ्लॅशला भरायला वेळ लागतो. ती मिळाली. नवरदेवाला पहिल्यांदा बघतानाचा नवरीचा चेहरा त्यात आहे, आणि कपाळावर एक अक्षत अडकलीय. घरचे मोठा करून भिंतीला लावणार तो हाच फोटो. त्यात फोकस कोणत्या सालचा, हे कुणी विचारणार नाही.

३.१०

पंगत उठली की ग्रुप फोटो. “फोटोवाले भाऊ, आमच्या सगळ्या बहिणी येऊ द्या!” अठरा-वीस जणी एका रांगेत. या वेळी भाचा आपणहून मला पुढे करतो, कारण त्याची १८ एमएमची किट लेन्स फोटोतही २९ पासून सुरू होते, माझी २४ पासून. त्याच जागेवरून मला दोन्ही टोकांच्या बहिणी मिळतात, त्याला एकीचा अर्धा पदर कापावा लागतो. माझी किट लेन्स त्या टोकाला थोडी जास्त उघडतेही, एफ/३.५, त्याची एफ/४.५. नवीन म्हणजे सगळंच पुढचं, असं धरून चालणाऱ्यांनी लग्नात एकदा ग्रुप काढून बघावा.

५.४०

पाठवणी. मी कॅमेरा खाली ठेवतो. भाचा लांबून आर५० वर काढतो, फ्लॅशशिवाय. रडणाऱ्या माणसांच्या तोंडावर फ्लॅश मारायला मला कधीच आवडलं नाही.

रात्री ९.१५

दोन्ही बॉड्यांना कार्डाची जागा एकेकच, तीही खाली सेलच्या शेजारी. ट्रायपॉडची प्लेट सोडल्याशिवाय झाकण उघडत नाही. कार्ड खराब झालं तर लग्न गेलं, आणि लग्न परत लावता येत नाही. म्हणून घरी आल्यावर जेवणाआधी दोन हार्ड डिस्कवर कॉपी. दोन्हींची रॉ फाइल सीआर३. हा प्रकार एम५० पासूनच सुरू झाला, त्यामुळे रंग जुळवायला दोन वेगळ्या भाषा शिकाव्या लागत नाहीत. निवडलेले फोटो उद्या नांदेडच्या लॅबला, करिझ्मा अल्बमसाठी. त्या कागदावर कोणतं पान कोणत्या कॅमेऱ्याचं, ते मलाही ओळखू येत नाही. व्हिडिओत मात्र लहान पोरगंसुद्धा सांगेल.

भाच्याचं रोजचंच: “जुनी विकून टाकू मामा, दुसरी आर५० घेऊ.” जुनीचा भाव विचारून झालाय. त्यात नव्या माउंटची एक बरी लेन्ससुद्धा येत नाही. तेवढ्यासाठी २२ एमएम, रुंद किट लेन्स, पेटणारा फ्लॅश आणि दुसरं कार्ड असं सगळं घालवायचं, हा हिशोब मला पटत नाही. ज्याच्याकडे काहीच नाही आणि ज्याला व्हिडिओच करायचाय, त्याने डोळे झाकून नवी घ्यावी. एम मालिकेत आज नव्याने पैसे घालण्यात अर्थ नाही. आमच्या घरात ती आधीच आहे, ही गोष्ट वेगळी.

मग खरेदीची यादी ठरली. आधी एडी-ई१ चा तुकडा. मग एम५० ला आणखी एक सेल. सिग्माने २०२४ पासून आर५० च्या आरएफ माउंटला लेन्स द्यायला सुरुवात केली, त्यातली १८-५० एफ/२.८ भाच्याच्या डोक्यात बसलीय. तीन लग्नांची बाकी सोयाबीन निघाल्यावर मिळणार आहे, तेव्हा लेन्सही सोयाबीननंतरच.