माणगावचे नाईक घाडगे

मुंबई-गोवा महामार्गाने निघालेला प्रवासी पेणला गणपतीच्या कारखान्यांपाशी थांबतो, रोहे तालुक्यात कोलाडला चहा घेतो आणि माणगावात कोंडीतून कसं सुटायचं याच्या विवंचनेत असतो. त्याच माणगावात तहसील कचेरीच्या आवारात एका शिपाईगड्याचा पुतळा उभा आहे. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. त्याच्यासाठी गाडीतून उतरायलाच हवं.

याच तालुक्यातल्या पळसगावात १६ नोव्हेंबर १९२१ रोजी त्यांचा जन्म झाला. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. भातशेती एका पावसाची, त्यावर वर्ष निघत नसे. मग तरण्या पोरांनी मुंबईची गिरणी गाठायची, नाहीतर पलटण. यशवंत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये गेले आणि नाईक झाले. नाईक म्हणजे काही मोठा हुद्दा नव्हे. हाताखाली जेमतेम दहा जणांची तुकडी, आणि हल्ल्यात तिच्यासोबत स्वतःही पुढे जायचं.

दुसऱ्या महायुद्धात त्यांची बटालियन इटलीत लढत होती. जून १९४४ मध्ये रोम पडलं आणि जर्मन सैन्य टेकडी-टेकडी लढवत उत्तरेकडे हटू लागलं. १० जुलैला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोरोनेजवळ, मराठ्यांच्या एका कंपनीने हल्ला चढवला. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. घाडग्यांच्या तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. धड उरले ते एकटे. मागून कोणी येणार नाही हे ठाऊक असताना ते मोर्चावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला, टॉमीगनने दुसऱ्याला टिपलं. मॅगझिन संपलं, बदलायला उसंत नव्हती. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना ठेचून मारलं. व्हिक्टोरिया क्रॉस पदकाच्या मानपत्रात हे असंच नोंदलेलं आहे. ते गुळगुळीत करून सांगू नये. पायदळाची लढाई अशीच असते. लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या, आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. वय बावीस.

१९४५ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून ते पदक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वीकारलं. कबर मात्र कुठेच नाही. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर कोरली आहेत, त्यांत त्यांचं नाव आहे. म्हणूनच माणगावच्या या पुतळ्याला मी नुसता पुतळा मानत नाही. पळसगावच्या माणसाला फूल वाहायला जवळची जागा हीच.

इटलीच्या आघाडीवर सुमारे पन्नास हजार भारतीय लढले. पाच हजारांवर परतले नाहीत. तिथल्या लोकांनी हे विसरलेलं नाही. २०२३ मध्ये मोंतोने गावात घाडग्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं गेलं. आपल्याकडे रायगडावर निघालेल्या शाळांच्या कितीतरी सहली माणगावहून निजामपूरमार्गे पाचाडला जातात. त्यांना फारशी वाट वाकडी न करता कचेरीच्या आवारात थांबता येईल. बाईंनी किंवा गुरुजींनी तिथे मुलांना त्या टेकडीवरची हकिकत सांगावी, त्या तुकडीतल्या बाकीच्यांसकट.