दोन चाकांमधला दांडा : गाडी झुलते तेव्हा आपण नेमकं काय बदलतो?

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज गाडीच्या पोटाखालच्या एका दांड्यावर बोलणार, याचं काहींना आश्चर्य वाटलं असेल. पण या दांड्यानं मला कार्यकारणभावाचा एक धडा सत्तरीनंतर नव्यानं शिकवला. म्हणून हा विषय.

गोष्ट घरातली आहे. पाथर्डीकडे आमच्या सौभाग्यवतींचं माहेर. नगरहून निघालं की वाटेत करंजी घाट लागतो. आमची गाडी दहा वर्षांची. घाटात वळणावर ती इतकी झुकायची की हिला मळमळायचं. एकदा परत येताना ही म्हणाली, "अहो, आता मला माहेरी नेऊ नका. फोनवर बोलेन मी." हे वाक्य मला लागलं. भाच्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, पुढचा स्टॅबिलायझर बार जाड टाका. गाडी रुळावरून चालल्यासारखी चालेल."

हा बार म्हणजे काय, ते आधी बघू. इंग्रजीत त्याला स्वे बार किंवा अँटी-रोल बारही म्हणतात.

बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. तिची दोन चाकं एकाच आसावर. एक चाक दगडावर चढलं की सगळी गाडी कलंडते. मोटारीत इंजिनिअरांनी पुढची चाकं एकमेकांपासून सोडवली. प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग, स्वतंत्र शॉकअप. डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजव्याला त्याचा फारसा त्रास नाही. पण स्वातंत्र्य आलं तसा दुसरा प्रश्न आला. वळणावर बाहेरच्या बाजूची स्प्रिंग दबते, आतली उचलते आणि गाडी झुकते. मग त्यांनी सोडवलेली चाकं पुन्हा थोडी बांधली. ज्यानं बांधली, तो हा बार.

स्प्रिंग स्टीलचा, साधारण इंग्रजी यू अक्षरासारखा दांडा. मधला भाग रबरी बुशमधून गाडीच्या सांगाड्याला धरलेला, दोन टोकं लिंक रॉडनं दोन बाजूंच्या सस्पेन्शनला जोडलेली. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर गेली की दांडा बुशमधे नुसता फिरतो, काही करत नाही. एकच चाक वर गेलं, किंवा वळणावर एक बाजू दबली, की त्याला पीळ बसतो. तो पीळ सोडवायला बघतो आणि झुकणं कमी होतं. पूर्वस्थितीला परत येण्याच्या या गुणाला वैशेषिकांनी 'स्थितिस्थापक' असं नाव दिलं आहे. शाळेच्या विज्ञानातला स्थितिस्थापकता हा शब्द त्याच कुळातला.

आता जाडीचं गणित. भरीव दांड्याचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २२ चा दांडा घातला, तर जाडी १० टक्के वाढली, पण ताठपणा सुमारे ४६ टक्के वाढला. २४ चा घातला तर दुपटीच्या पुढे. दोन मिलिमीटरनं काय होतंय, असं म्हणू नका.

आणि इथे बहुतेकांचा एक गैरसमज आहे. बार जाड केला की वळणावर बाहेरच्या चाकांवर जाणारा भार कमी होतो, असं वाटतं. तसं होत नाही. तो भार गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा वेग यांवर ठरतो. १००० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर, चाकांत अंतर दीड मीटर, आणि आडवं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश. तर सुमारे ११० किलो भार आतून बाहेर सरकणारच, बार कितीही जाड असो. उसानं भरलेली ट्रॉली वळणावर का उलटते? भार उंच आहे म्हणून.

मग बार काय करतो? झुकणं कमी करतो, आणि तो सरकणारा भार पुढच्या व मागच्या चाकांत कसा वाटायचा ते बदलतो. टायरचा स्वभाव असा, की भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत भार जास्त सरकतो, त्या जोडीची एकूण पकड घटते. फक्त पुढचा बार ताठ केला, तर वळणावर गाडीचं नाक बाहेर जायला बघतं. फक्त मागचा ताठ केला, तर शेपूट बाहेर येऊ शकतं. पावसाळ्यात, ओल्या घाटात, हे दुसरं जास्त धोक्याचं. नवख्या चालकाला ते सावरत नाही.

शिवाय जाड बारनं चाकं पुन्हा घट्ट बांधली जातात. एका चाकाचा खड्डा दुसऱ्या बाजूला कळायला लागतो. थोडक्यात, आपण बैलगाडीच्या दिशेनं एक पाऊल मागे येतो.

आता आमची गोष्ट पुढे. एका गॅरेजवाल्यानं आमच्या गाडीला पुढे जाड बार बसवून दिला. घाटात फरक लगेच जाणवला. ही म्हणाली, "आज बरं वाटतंय." मी खूष. पण तिसगाव सोडून आतल्या रस्त्याला लागलो, की एका बाजूचे खड्डे सुरू. गाडी डावी-उजवी अशी झटके द्यायला लागली की हिची मान दुखायला लागली. पोट सुटलं आणि मान अडकली! (हशा) दुसऱ्या वेळी ही पुन्हा घरी राहिली.

मग एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली, खालून बघितलं आणि विचारलं, "सर, बारबरोबर लिंक रॉड आणि बुशही नवीन टाकलेत. जुने कसे होते?" मला काय माहीत? जुना बार मी जिन्याखाली ठेवला होता, लिंक त्यालाच लटकलेल्या. त्या आणून दाखवल्या. बॉल जॉइंट खुळखुळे, बुशचं रबर फाटलेलं. लिंकमधे ढिलाई असली, की ती ढिलाई संपेपर्यंत बारला पीळच बसत नाही. तेवढा वेळ गाडी मोकळी झुकते आणि खालून खटखट येते. ती खटखट मी दोन वर्षं ऐकत होतो!

म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि सगळं श्रेय मी जाडीला दिलं होतं. अन्वय-व्यतिरेक वर्गात तीस वर्षं शिकवला. कारण असेल तर कार्य, कारण नसेल तर कार्य नाही, हे दोन्ही बाजूंनी तपासावं. स्वतःच्या गाडीपाशी विसरलो. मिस्त्रींनी जुना बार परत घातला, नवीन लिंक आणि बुश तसेच ठेवले. घाटात जवळजवळ तेवढाच फायदा राहिला आणि मान दुखायची थांबली. या दिवाळीला आम्ही दोघं माहेरी जाऊन आलो.

जाड बार वाईटच, असं माझं म्हणणं नाही. गुळगुळीत रस्त्यावर, गाडी भरधाव वळवायची हौस असेल, तर त्याचा उपयोग आहे. पण आपल्या नगरलाच व्हीआरडीई ही डीआरडीओची संस्था आहे, तिथे वाहनांच्या चाचण्या होतात. तिथे गाडी एकसंध तपासली जाते. बार, स्प्रिंग, शॉकअप, टायर यांचा मेळ कंपनीनं घातलेला असतो. १९९७ साली स्वीडनमधे मर्सिडीजची ए-क्लास अचानक डावी-उजवी वळवण्याच्या चाचणीत उलटली. कंपनीनं सस्पेन्शन तर बदललंच, पण चाकांचे ब्रेक वेगवेगळे लावून गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणाही सगळ्या ए-क्लासना बसवली. एका सुट्या भागावर तिनं भरवसा ठेवला नाही.

तेव्हा गाडी झुलत असेल, तर क्रम असा ठेवा. आधी चारही टायरची हवा आणि झीज बघा. मग लिंक रॉड, बुश. मग शॉकअप. टपावर सामान बांधलं असेल तर खाली घ्या. आणि वेग कमी करा, कारण वेग निम्मा केला तर त्याच वळणावरचा आडवा जोर चौथाई होतो, तोही फुकट. एवढं करूनही गरज वाटली तरच जाड बारचा विचार करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, रोजच्या रस्त्यावर आठवडाभर चालवा, आणि जुना भाग टाकून देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं गाडीतल्या बदलांवर बंधनं घातली आहेत, म्हणून आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारून घ्या.

आणि एक शेवटचं. गाडी सुधारली की नाही, हे स्टिअरिंग धरणाऱ्याला विचारू नका. शेजारी बसणाऱ्याला विचारा. मला हे फार उशिरा सुचलं.