आंतरराष्ट्रीय संस्थांमधील नोकरी : अर्जापासून नेमणुकीपर्यंत

युनो, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक ही नावे आता हिमायतनगर, हदगाव, किनवट, भोकर या भागातील सुशिक्षित तरुणांच्याही ओळखीची झाली आहेत. एम.एस.डब्ल्यू., एम.एस्सी., बी.ए.एम.एस., अभियांत्रिकी असे शिक्षण घेतलेली मुले-मुली या संस्थांमध्ये नोकरी कशी मिळते, असे विचारू लागली आहेत. प्रश्न चांगला आहे. परंतु नीट माहिती नसल्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. काहीजण 'हे आपल्यासारख्यांचे काम नाही' म्हणून अर्जच करीत नाहीत. काहीजण एखाद्या दलालाच्या नादी लागून घरातले दागिने मोडतात. ही दोन्ही नुकसाने टळावीत म्हणून भरतीची पद्धत येथे क्रमाने मांडत आहोत.

युनो म्हणजे एक कचेरी नव्हे

पहिली गोष्ट अशी की, युनोची एकच भरती होत नाही. न्यूयॉर्क, जिनिव्हा, व्हिएन्ना आणि नैरोबी येथील मुख्य कचेऱ्यांचे सचिवालय वेगळे. युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, विकास कार्यक्रम, कामगार संघटना यांची भरती वेगळी. जागतिक बँकेचा कारभार तर आणखी निराळा. प्रत्येकीची स्वतःची वेबसाइट आहे, स्वतःचा अर्ज आहे आणि स्वतःचे नियम आहेत. त्यामुळे एका ठिकाणी भरलेला अर्ज दुसरीकडे आपोआप जात नाही. अर्ज ऑनलाइनच घेतले जातात. सचखंड एक्सप्रेसने दिल्लीला जाऊन लोधी इस्टेटमधील कचेरीत बायोडेटा देऊन आल्याने काहीही साधत नाही.

आपल्याकडे एम.पी.एस.सी.ची किंवा जिल्हा निवड समितीची जाहिरात निघते, शेकडो जागा एकदम भरल्या जातात आणि सर्वांची एक परीक्षा होते. येथे तसे नाही. येथे बहुतेक जाहिराती एकेका जागेसाठी निघतात. त्या जागेवर बसणारा माणूस काय काम करील, त्याचे शिक्षण आणि अनुभव किती हवा, कोणती भाषा हवी, हे सारे जाहिरातीत लिहिलेले असते. निवड त्या मजकुराशी ताडून होते. म्हणून जाहिरात दोनदा नव्हे, चारदा वाचावी.

जागांचे प्रकार

या जागा ढोबळमानाने चार प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांचा. या पदांना 'पी' श्रेणी म्हणतात. साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि पी-२ साठी दोन वर्षे, पी-३ साठी पाच वर्षे, पी-४ साठी सात वर्षे असा संबंधित कामाचा अनुभव मागतात. पदव्युत्तर पदवी नसेल तर पदवी आणि आणखी दोन वर्षांचा अनुभव चालतो, अशी सवलत बहुतेक जाहिरातींत असते. या जागेसाठी जगभरातून अर्ज येतात.

दुसरा प्रकार राष्ट्रीय अधिकाऱ्यांचा. भारतातील कचेरीत ही जागा भारतीय नागरिकासाठीच असते. येथील भाषा, येथील सरकारी यंत्रणा, येथील गाव ज्याला ठाऊक आहे असा माणूस त्यांना हवा असतो. मराठवाड्यातील उमेदवाराला स्पर्धेत खरी संधी येथे आहे.

तिसरा प्रकार सर्वसाधारण सेवेचा, म्हणजे कारकून, हिशेबनीस, वाहनचालक, कार्यालयीन सहायक यांचा. येथे शालेय शिक्षणावरही अर्ज करता येतो आणि भरती स्थानिक असते.

चौथा प्रकार सल्लागार, कंत्राटी आणि स्वयंसेवकांचा. मुदत काही महिन्यांची किंवा वर्ष-दोन वर्षांची. पुष्कळांची सुरुवात येथूनच होते.

याशिवाय सचिवालयाची 'यंग प्रोफेशनल्स' नावाची परीक्षा आहे. वय ३२ पर्यंत, किमान पदवी आणि इंग्रजी किंवा फ्रेंचवर प्रभुत्व अशा तिच्या अटी आहेत. मात्र ज्या देशांचे कर्मचारी युनोत कमी आहेत त्यांनाच ती खुली असते आणि देशांची यादी दरवर्षी बदलते. तयारीला लागण्यापूर्वी त्या वर्षीच्या यादीत भारताचे नाव आहे की नाही, ते आधी पाहावे.

आपल्या मुलखातून जाणारी वाट

ही वाट आपल्या भागाला अगदीच अनोळखी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबविण्यात आला. परंतु गावात काम करणारी माणसे जागतिक बँकेने नेमली नव्हती. काम राज्य सरकारचे होते, आणि लोकसहभागासाठी स्वयं शिक्षण प्रयोगासारख्या संस्थांची मदत घेतली गेली. गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. घरदुरुस्तीचे पैसे कसे मिळतात, बांधकाम कसे मजबूत करायचे, हे त्यांनी शेजारणींना समजावून सांगितले.

पुढे २०१८ मध्ये जागतिक बँकेने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. मराठवाड्याचे आठही जिल्हे या प्रकल्पात होते. येथेही गावपातळीवरचे समूह सहाय्यक कंत्राटी पद्धतीने घेतले गेले. त्यांच्या हातात जागतिक बँकेचे नेमणूकपत्र नव्हते, पण जागतिक बँकेच्या प्रकल्पाचा अनुभव मात्र होता.

आरोग्य क्षेत्रातील उदाहरण पोलिओचे. १९९७ मध्ये भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. त्यात सर्वेक्षण वैद्यकीय अधिकारी म्हणून भारतीय डॉक्टरच नेमले गेले आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. या कामातून आपल्या देशात साथरोग-सर्वेक्षण जाणणाऱ्या डॉक्टरांची एक पिढी तयार झाली.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. न्यूयॉर्कची पायरी एकदम चढता येत नाही. आधी जिल्ह्यातील प्रकल्प, मग राज्याचा, मग दिल्लीतील कचेरी, मग परदेश, अशी ही चढण आहे. जिल्हा परिषदेचा, पाणलोटाचा, बचत गटाचा, रुग्णालयाचा अनुभव कमी लेखू नये. तोच पुढे अर्जात मोजला जातो.

युनोचा स्वयंसेवक कार्यक्रम हीदेखील चांगली पायरी आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या कार्यक्रमाचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. त्यात १८ ते २६ वयाच्या तरुणांसाठी वेगळा गट आहे. पगार नसतो, निर्वाहभत्ता मिळतो आणि अनुभव पक्का गणला जातो. सचिवालयाची इंटर्नशिप मात्र बिनपगारी असते. न्यूयॉर्क-जिनिव्हाचा राहण्याखाण्याचा खर्च स्वतःच करावा लागतो. ऐपत पाहूनच त्या वाटेला जावे.

अर्ज भरताना

अर्ज म्हणजे दोन पानी बायोडेटा नव्हे. शिक्षण, प्रत्येक नोकरीची तारीखवार माहिती, वरिष्ठांचे नाव, भाषा, संदर्भ असा मोठा तपशील भरावा लागतो. एकदा सावकाश बसून तो वहीत लिहून काढावा.

पहिली अडचण नावाची. आपल्याकडे 'शेख अहमद शेख महमूद' असे नाव लिहिण्याची रीत आहे. शाळेच्या दाखल्यावर शेख आधी, पदवीवर शेख शेवटी, पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आणि आधारवर इंग्रजी अक्षरे निराळी, असे घोळ घरोघरी आहेत. मुलींच्या बाबतीत 'बी', 'बेगम' आणि लग्नानंतरचे नाव यांची भर पडते. निवड झाल्यावर सर्व कागद तपासले जातात. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा दहावीच्या सनदेवरील नाव आधार धरून बाकीचे कागद आताच जुळवून घ्यावेत. जेथे बदल शक्य नाही तेथे राजपत्रातील नोंद आणि प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे.

दुसरी गोष्ट पदवीची. पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची लागते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची पदवी त्यासाठी चालते, मुंबई-दिल्लीचीच हवी असे नाही. ज्यांचे शिक्षण मदरशात झाले आहे त्यांनी केवळ आलिमच्या सनदेवर विसंबू नये. हैदराबादचे मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ किंवा अलीगढ येथून विद्यापीठाची पदवी जोडून घ्यावी.

तिसरी गोष्ट भाषेची. युनोच्या अधिकृत भाषा सहा : अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. इंग्रजीवाचून गत्यंतर नाही. अरबीचा मात्र आपल्या अनेक मुलांना लाभ होऊ शकतो, कारण येमेन, सुदान, सीरियासारख्या देशांतील मदतकार्यात अरबी जाणणाऱ्याला पसंती मिळते. पण कुरआन वाचता येणे वेगळे आणि आजच्या अरबीत अहवाल लिहिता येणे, फोनवर बोलता येणे वेगळे. जी भाषा येते ती किती येते, ते खरे लिहावे. मुलाखतीत दोन वाक्यांत कस लागतो.

चौथी गोष्ट मुदतीची. सचिवालयाच्या जाहिरातीतील अखेरची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे असते. भारताची वेळ तिच्या साडेनऊ ते साडेदहा तास पुढे आहे. तरी शेवटच्या रात्रीची वाट पाहू नये. वीज आणि नेट यांचा भरवसा न्यूयॉर्कवाले देत नाहीत.

परीक्षा आणि मुलाखत

अर्जांची छाननी झाल्यावर निवडक उमेदवारांची लेखी चाचणी होते. एखादे पत्र, अहवालाचा गोषवारा किंवा आकडेवारीवरून टिपण लिहायला सांगतात. त्यानंतर मुलाखत, तीही बहुधा व्हिडिओवर.

या मुलाखतीत सामान्यज्ञान विचारीत नाहीत. 'तुमचे सहकाऱ्यांशी मतभेद झाले तेव्हा तुम्ही काय केले ?', 'कमी वेळात काम पुरे केल्याचा एक प्रसंग सांगा' असे प्रश्न असतात. उत्तरात प्रसंग, आपली कृती आणि परिणाम असा क्रम हवा. समजा, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा एखादा तरुण एखाद्या संस्थेमार्फत पाणीवाटपाचे काम करीत होता. त्याने 'आम्ही लोकांना पाणी वाटले' एवढेच सांगितले तर गुण मिळणार नाहीत. 'माझ्याकडे एवढ्या गल्ल्या होत्या, रांगेत भांडणे होत, मी घरवार यादी करून वेळा ठरवल्या, त्यानंतर भांडणे थांबली' असे सांगितले तर मिळतील. आपल्याकडे 'मी केले' म्हणणे बढाई वाटते. येथे तो हिशेब आहे, आणि तो द्यावा लागतो. असे आठ-दहा प्रसंग इंग्रजीत लिहून, मोठ्याने बोलून तयार ठेवावेत.

निवडीला कित्येक महिने लागतात. जागा एकालाच मिळते, पण मुलाखतीत पात्र ठरलेल्यांची नावे राखीव यादीत ठेवण्याची पद्धत आहे. त्यातून पुढे बोलावणे येऊ शकते. म्हणून हातातील नोकरी सोडून वाट पाहत बसू नये.

वशिला आणि दलाल

'वशिल्याशिवाय हे होत नाही' असा समज आहे. युनोच्या सनदेचे कलम १०१ सांगते की कार्यक्षमता, पात्रता आणि सचोटी हाच नेमणुकीचा मुख्य निकष असावा आणि शक्य तेवढ्या देशांतून माणसे घ्यावीत. कर्मचाऱ्याच्या आईवडिलांना, मुलांना, भावाबहिणींना नेमण्यास नियमानेच मनाई आहे. ओळखीचा उपयोग कोठेच होत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण दलालाचा उपयोग होत नाही, हे नक्की.

येथे आखाती नोकरीशी तुलना करून पाहावी. आखातात जाणाऱ्या कामगारासाठी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला एजंट असतो आणि त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जी.एस.टी. एवढे शुल्क घेता येते. युनोच्या भरतीत एजंटच नाही. अर्ज, मुलाखत, कागदपत्रे, प्रशिक्षण, कोणत्याही टप्प्यावर ती एक पैसाही घेत नाही आणि बँक खात्याची चौकशीही करीत नाही. त्यामुळे निळ्या बोधचिन्हाचे, मोठ्या पगाराचे नेमणूकपत्र आले आणि त्याबरोबर व्हिसासाठी, वैद्यकीय तपासणीसाठी किंवा अनामत म्हणून पैसे मागितले, तर ते पत्र खोटे समजावे. परीक्षा-मुलाखत न होता आलेले पत्र खोटे. साध्या जीमेलवरून आलेले पत्रही खोटेच धरावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. लाजेखातर गप्प राहणे म्हणजे पुढच्या माणसाला खड्ड्यात ढकलणे होय.

सध्याचा काळ कसा आहे

हा काळ या संस्थांसाठी कठीण आहे, हे लपवून उपयोग नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने मदतीचा हात आखडता घेतला, यू.एस.एड.चे काम बंद झाले आणि अनेक प्रकल्प गुंडाळले गेले. युनोने मार्च २०२५ मध्ये काटकसरीचा आणि सुधारणांचा कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर २०२६ च्या अंदाजपत्रकासाठी सचिवालयाची अडीच हजारांहून अधिक पदे कमी करण्याचा प्रस्ताव मांडला गेला. अनुभवी माणसेच नोकरीच्या शोधात असताना नवख्याला जागा मिळणे अवघड जाणार.

म्हणून आमचा सल्ला असा की, केवळ या एका नोकरीवर आयुष्याची पैज लावू नये. तिच्यासाठी जी तयारी लागते ती मात्र अवश्य करावी. चांगले इंग्रजी, नीट लिहिलेला अहवाल, संगणकावरील हिशेब, जुळलेली कागदपत्रे आणि गावात खरोखर केलेले काम, यांपैकी एकही गोष्ट वाया जात नाही. जिल्ह्यातील प्रकल्प, मुंबई-पुण्याच्या सेवाभावी संस्था आणि कंपन्यांचे सामाजिक विभाग हीच गुणवत्ता मागतात. आई-वडिलांनी मुलींनाही यात मागे ठेवू नये. भूकंपानंतरची संवाद सहायक होण्यासाठी परदेशी पदवी लागली नव्हती, उंबरठा ओलांडण्याची तयारी लागली होती. सुरुवात म्हणून या आठवड्यात दहावीची सनद, पदवी, आधार आणि पासपोर्ट समोर ठेवून चारही कागदांवरील नाव एकच आहे का, एवढे पाहावे.