धूर घटला, ऊन वाढले

जहाजाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडपासून हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण तयार होतात. त्यांच्याभोवती बाष्प जमते, ढगात बारीक थेंबांची गर्दी होते. असा ढग अधिक पांढरा होऊन जास्त ऊन परत पाठवतो. उपग्रहचित्रांत जलमार्गांवर अशा पांढऱ्या रेघाच दिसत. १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली आणि रेघा विरळ झाल्या. बंदरांलगतच्या वस्त्यांची हवा सुधारली, पण समुद्रावर पडणारे ऊन थोडे वाढले. नेमके किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

सगळेच कण गारवा देत नाहीत. काजळी ऊन शोषून हवा तापवते. १९९९च्या ‘इंडोएक्स’ या वैज्ञानिक मोहिमेत हिंदी महासागरावरच्या हिवाळी तपकिरी धुरक्यात ती भरपूर सापडली.

आयपीसीसी या हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या २०२१च्या अहवालानुसार मुख्यतः हवेतल्या अशा सर्व कणांच्या एकत्रित परिणामामुळे ० ते ०.८ अंश सेल्सिअस तापमानवाढ झाकली गेली. (अंदाजच किती ऐसपैस!) हे कण साधारण आठवडाभरात पावसाबरोबर खाली येतात; कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग मात्र शतकानुशतके हवेत राहतो.